विंडोज सोडायचं? आधी तुमच्या कामाच्या सॉफ्टवेअरला विचारा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही, बंद झाले ते सुरक्षेचे नेहमीचे अपडेट. नोंदणी केली तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते, त्यापुढे ज्याचं त्याने बघायचं. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर, म्हणजे साधारण २०१७-१८ नंतरचं मशीन. त्याआधी घेतलेला, मध्ये एकदा एसएसडी टाकून तरतरीत केलेला आय-फाइव्ह अजून छान चालत असला तरी कागदोपत्री बाद.

अशा वेळी नात्यातला किंवा ऑफिसातला एखादा संगणकवेडा हमखास म्हणतो, "कशाला नवीन मशीन घेतोस? लिनक्स टाक. फुकट आहे, व्हायरसची कटकट नाही, जुन्या मशीनवर पळतं."

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम, आणि तो चुकीचं सांगत नसतो. ज्यांचं काम ब्राउझर, ईमेल आणि महिन्याला चार पत्रं एवढंच आहे, त्यांनी लिनक्स मिंट (लिनक्सचा एक सोपा प्रकार) टाकावं आणि खुशाल विसरून जावं. पण ज्यांचं पोट एखाद्या ठरावीक सॉफ्टवेअरवर चालतं, म्हणजे डीटीपी करणारे, सीएच्या ऑफिसात रिटर्न भरणारे, आर्किटेक्ट, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे, त्यांना हा सल्ला अपुरा पडतो. सकाळी मशीन सुरू करून कुणी 'चला, आज विंडोज वापरू' म्हणत नाही. वापरायचं असतं टॅली, कोरल, ऑटोकॅड, प्रीमिअर. ऑपरेटिंग सिस्टीम ही त्याखालची जमीन. ती बदलता येईल का, याचं उत्तर त्या जमिनीपेक्षा वर काय उभं आहे यावर जास्त ठरतं.

प्रोग्रॅम उचलून दुसरीकडे का ठेवता येत नाही

मशीन तेच, प्रोसेसर तोच, मग विंडोजवर चालणारं फोटोशॉप लिनक्सवर का चालू नये? कारण कुठलाही प्रोग्रॅम स्वतः एकट्याने फार थोडं करतो. फाइल उघडणं, पडद्यावर खिडकी काढणं, प्रिंटरकडे पान पाठवणं ही कामं तो ऑपरेटिंग सिस्टीमकडून करून घेतो. ती मागायची ठरलेली पद्धत असते, ठरलेली नावं असतात आणि प्रत्येक सिस्टीमची ती वेगळी असतात. अ‍ॅडोबीने या हजारो मागण्या विंडोजसाठी एका पद्धतीने आणि मॅकसाठी दुसऱ्या पद्धतीने लिहिल्या आहेत. लिनक्ससाठी लिहिलेल्याच नाहीत.

यावरचा उपाय म्हणून 'वाइन' नावाचा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. वाइन मध्ये बसून ऐकतं. प्रोग्रॅमने विंडोजच्या पद्धतीने काही मागितलं की तेच काम लिनक्सच्या पद्धतीने करून देतं, आणि प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. यात वेगही फारसा जात नाही, कारण प्रोसेसरच्या सूचना जशाच्या तशा चालतात, बदलतात त्या फक्त सिस्टीमकडच्या मागण्या. व्हॉल्व्ह या गेम कंपनीने याच वाइनवर २०१८ मध्ये 'प्रोटॉन' उभं केलं, त्यात पैसा आणि माणसं ओतली, आणि २०२२ मध्ये लिनक्सवर चालणारं स्टीम डेक हे हातात धरून गेम खेळायचं यंत्र विकायला काढलं. त्यामुळे विंडोजचे हजारो गेम आज लिनक्सवर चालतात.

मग गेमसारखा अवजड प्रकार चालतो आणि फोटोशॉपची नवी आवृत्ती रडते, हे कसं? गेमच्या बहुतेक मागण्या ग्राफिक्स कार्डाकडे जातात. त्या मागण्या संख्येने प्रचंड असल्या तरी जात एकच, त्यामुळे एकदा त्यांचा नीट अनुवाद जमला की हजार गेमना एकदम फायदा होतो. व्यावसायिक सॉफ्टवेअरचं तसं नसतं. इन्स्टॉलर आधी एक लॉगिनची खिडकी उघडतो, मागे लायसन्स तपासणाऱ्या चार सेवा चालू करतो, स्वतःचे फाँट नोंदवतो, प्रिंटरच्या ड्रायव्हरशी थेट बोलतो, जुन्या ऑफिसचा एखादा तुकडा शोधतो. यातली एक गोष्ट जमली नाही तरी गाडी तिथेच अडते. आज कसंबसं चालू केलं तरी पुढच्या महिन्याच्या अपडेटने बंद पडू शकतं, आणि तेव्हा कंपनीला फोन करून उपयोग नाही, कारण 'लिनक्सवर चालेल' असं तिने कधी म्हटलेलंच नव्हतं. हौसेखातर हे ठीक आहे. उद्या सकाळी दहाला पार्टीला जॉब द्यायचा असेल तर वाइनवर भिस्त ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कंपन्या लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती का काढत नाहीत, याचं उत्तर गिऱ्हाइकात आहे. जगभरच्या डेस्कटॉपमध्ये लिनक्सचा वाटा अजून एक आकडी टक्क्यांतच फिरतो. ऑटोडेस्कचं उदाहरण बोलकं आहे. त्यांचं माया हे अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर लिनक्सवर अधिकृतपणे चालतं. त्याच कंपनीचं रेव्हिट आणि थ्रीडीएस मॅक्स मात्र फक्त विंडोजवर. कारण चित्रपटांची व्हीएफएक्स करणारे मोठे स्टुडिओ नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सिलिकॉन ग्राफिक्सची महागडी युनिक्स मशीन सोडून स्वस्त पीसी आणि लिनक्सकडे वळले. ते एकगठ्ठा गिऱ्हाईक होतं, म्हणून माया, हुडिनी, न्यूक ही सगळी मंडळी त्यांच्या मागोमाग गेली. आर्किटेक्टची ऑफिसं अशी एकगठ्ठा कधी हललीच नाहीत. कोरलने तर १९९९ मध्ये स्वतःचं लिनक्स काढलं होतं आणि २००० मध्ये कोरल ड्रॉ ९ ची लिनक्स आवृत्तीही आणली होती. गिऱ्हाईक आलं नाही, प्रयोग गुंडाळला गेला. आज कोरल विंडोजवर आहे, २०१९ पासून परत मॅकवरही आहे, लिनक्सवर नाही.

खरी अडचण फाइलींची, आणि मराठीत ती दुप्पट

समजा, तुमच्या सॉफ्टवेअरला पर्याय मिळाला. फोटोशॉपऐवजी गिंप, इलस्ट्रेटरऐवजी इंकस्केप, पान लावायला स्क्रायबस, एक्सेलऐवजी लिब्रेऑफिस. ही सगळी उत्तम आणि फुकट सॉफ्टवेअर आहेत. तरी गाडी अडते, कारण व्यवसायात फाइल एकट्याची नसते. ती पार्टीकडून येते, प्रेसमध्ये जाते, दुरुस्तीला परत येते, दोन वर्षांनी 'मागच्या वेळचंच, फक्त तारीख बदला' म्हणून पुन्हा उघडावी लागते. इंकस्केप आणि लिब्रेऑफिस ड्रॉ कोरलची सीडीआर फाइल उघडू पाहतात, पण कोरलने तिची रचना सांगितलेली नाही, या लोकांनी ती उलगडून उलगडून शिकून घेतली आहे. साधी रेषाकृती येते. छाया, पारदर्शकता, मजकुराची जागा यांत फरक पडू शकतो, आणि लग्नपत्रिकेवर मजकूर दोन मिलिमीटर सरकला तरी वधूपक्ष फोन करतोच.

मराठी डीटीपीत याच्यावर आणखी एक थर आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी आणि सी-डॅकचं आयएसएम या सॉफ्टवेअरांनी युनिकोड, म्हणजे सगळ्या भाषांच्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी जागतिक पद्धत, रुळण्याच्या कितीतरी आधी मराठी छपाई संगणकावर आणली. त्यांची मोठीच कामगिरी. पण त्या काळी फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागेवर मराठी आकार बसवलेले असत. फाइलीत साठते ती इंग्रजी चिन्हांची खिचडी, त्या फाँटमुळे पडद्यावर दिसतं मराठी. फाँट काढला की खिचडी उघडी पडते.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणताना काय होतं ते एका शब्दावर पाहू. 'निर्मिती' घ्या. जुन्या फाँटमध्ये आकार डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेले असतात. म्हणजे आधी वेलांटी, मग न. पुन्हा वेलांटी, मग म, मग त्या मच्या डोक्यावरचा रफार. शेवटी त आणि त्याची दीर्घ वेलांटी. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. न, त्याची वेलांटी, मग र आणि हलन्त, मग म, मग मची वेलांटी, मग ती. म्हणजे रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने मच्या आधीची वेलांटी उचलून मच्या नंतर ठेवायची आणि मच्या नंतरचा रफार उचलून मच्या आधी न्यायचा. दोन उड्या, एका अक्षराभोवती. शिवाय प्रत्येक फाँटसंचाचा तक्ता वेगळा. चांगले कन्व्हर्टर हे करतात, पण रफार, रकार आणि जोडाक्षरं एकत्र आली की कुठेतरी घसरतात. तीनशे पानांच्या पुस्तकात अशा जागा शोधायला प्रूफरीडरच लागतो, आणि त्याचे पैसे लिनक्स फुकट आहे म्हणून कमी होत नाहीत.

युनिकोडमध्ये लिहिणाऱ्यांचा मार्ग बराच सोपा आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीकडे आहे, बोटांना नवीन काही शिकावं लागत नाही. तिथे त्रास होतो फाँटचा. वर्डमध्ये मंगल किंवा कोकिळात केलेला अर्ज लिनक्सवर उघडला की ते मायक्रोसॉफ्टचे फाँट तिथे नसतात. त्यांच्या जागी लोहित किंवा नोटो येतो, त्याची अक्षरं थोडी रुंद किंवा अरुंद असतात, ओळी वेगळीकडे तुटतात आणि दहा पानांचा प्रस्ताव अकरा पानांचा होतो. अनुक्रमणिका चुकते, सही एकटीच शेवटच्या पानावर जाऊन बसते. यावरचा उपाय बदलाच्या आधीच करता येतो. मुक्त परवान्याचे मराठी फाँट वापरायला लागा. मुंबईच्या एक टाइपने केलेले मुक्ता आणि बलू कुठल्याही सिस्टीमवर टाकता येतात आणि सगळीकडे सारखेच दिसतात.

छपाईसाठी आणखी दोन गोष्टी पाहून ठेवा. स्क्रायबसमध्ये देवनागरीची जोडाक्षरं नीट बसण्याची सोय स्थिर आवृत्तीत आली ती २०२४ च्या १.६ पासून, त्यामुळे त्याआधीचे वाईट अनुभव ऐकून निर्णय घेऊ नका. छापखान्याला लागणारी सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या रंगांतली) पीडीएफ स्क्रायबस व्यवस्थित देतं. गिंपची ३.० आवृत्ती २०२५ च्या मार्चमध्ये आली आणि ती आधीपेक्षा खूप सुधारलेली आहे, पण फोटोशॉपसारखं थेट सीएमवायकेमध्ये काम करण्याची सोय तिच्यात नाही. क्रिटामध्ये ती आहे, मात्र क्रिटा मुळात चित्रकारांसाठी बनलेलं.

यूएसबीला लटकलेल्या वस्तू

सॉफ्टवेअर आणि फाइली यांचा विचार सगळे करतात. मागच्या बाजूला काय काय लावलंय, इकडे शेवटी लक्ष जातं. जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे तो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर न उघडणारी लायसन्सची किल्ली. सीएच्या ऑफिसात डिजिटल सहीचं टोकन. फ्लेक्स छापणाऱ्याकडे तर मशीन चालवणारं आरआयपी सॉफ्टवेअर बहुधा विंडोजचंच असतं, त्यामुळे भावी नगरसेवकांचे वाढदिवस अजून काही वर्षं तरी विंडोजवरच साजरे होणार.

डिजिटल सहीचं काम कसं चालतं ते समजलं की अडचण कुठे येते तेही कळतं. पोर्टल उघडलं जातं ब्राउझरमध्ये, पण ब्राउझरला टोकनला हात लावायची परवानगी नसते. म्हणून संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम मागे चालू ठेवावा लागतो. ब्राउझर त्याला सांगतो, तो टोकनच्या ड्रायव्हरला सांगतो, ड्रायव्हर पासवर्ड मागतो आणि सही होते. या साखळीतल्या प्रत्येक कडीची लिनक्स आवृत्ती हवी, आणि ती तुमच्या लिनक्सशी जुळायलाही हवी. काही टोकनांचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात. पण ३१ जुलैच्या रात्री हे शोधत बसायची कुणाची तयारी असेल?

लेखापालांसाठी मॅक्रोचं, म्हणजे एक्सेलच्या फाइलीत दडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं, दुखणं वेगळंच. जीएसटीआर-९ ची ऑफलाइन युटिलिटी किंवा आयकर विवरणपत्राची एक्सेल युटिलिटी ही दिसायला तक्ता असली तरी आतून प्रोग्रॅम आहे. लिब्रेऑफिसमध्ये तक्ता उघडतो, रंगही बरोबर येतात, माणूस खूश होतो. मग तपासणीचं बटण दाबलं की एक तर काहीच होत नाही किंवा एररची चौकट येते, कारण आतले मॅक्रो एक्सेलसाठी लिहिलेले आहेत. टॅलीप्राइमही विंडोजसाठीच बनतं. त्यामुळे लहान कर सल्लागाराने मुख्य मशीनवरून विंडोज काढून टाकावं असं मी तरी कुणाला सुचवणार नाही. त्याने काय करावं ते पुढे येतंच.

कुणाला सोपं, कुणाला अवघड

प्रोग्रॅमरना हा प्रश्न जवळपास पडतच नाही. त्यांचा कोड शेवटी लिनक्सच्या सर्व्हरवर जातो. उलट मायक्रोसॉफ्टलाच २०१६ मध्ये विंडोजच्या पोटात लिनक्स घालावं लागलं, ते याच लोकांना थोपवायला. नकाशांचं काम क्यूजीआयएसवर, आकडेमोड आर किंवा पायथनवर, शोधनिबंध लाटेखमध्ये करणाऱ्या संशोधकांचंही तसंच. ब्लेंडर तिन्हीकडे सारखं. फिग्मा, कॅनव्हा, गूगल डॉक्स यांच्यावर ज्यांचं काम आहे त्यांची ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे ब्राउझरच. संगीतवाल्यांसाठी रीपर आणि बिटविग लिनक्सवर आहेत, पण त्यांच्या महागड्या प्लगइनची लायसन्स व्यवस्था तिथे चालेलच असं नाही. यंत्रांची डिझाइन करणाऱ्यांचं सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर. फ्रीकॅडची १.० आवृत्ती २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आली, शिकायला आणि स्वतःची कामं करायला चांगली आहे, मात्र समोरचा कारखाना सॉलिडवर्क्सची फाइल मागत असेल तर तिचा उपयोग नाही. ऑटोकॅडवाल्यांना ब्रिक्सकॅड हा पैसे देऊन घ्यायचा पर्याय लिनक्सवर आहे आणि तो ऑटोकॅडच्या डीडब्ल्यूजी फाइलींमध्येच काम करतो.

व्हिडिओवाल्यांची गंमत जरा थांबून पाहण्यासारखी आहे, कारण इथे सॉफ्टवेअर आहे आणि तरी अडतं. डाव्हिन्ची रिझॉल्व्ह लिनक्सवर अधिकृतपणे मिळतं, फुकट आवृत्तीसुद्धा. माणूस आनंदाने टाकतो, कॅमेऱ्याच्या क्लिप आत ओढतो आणि पडदा काळा. लिनक्सवरच्या फुकट आवृत्तीत एच.२६४ आणि एच.२६५ हे व्हिडिओ साठवण्याचे प्रकार (कोडेक) चालत नाहीत, आणि बहुतेक कॅमेरे, सगळे मोबाइल नेमकं तेच देतात. पैसे भरून स्टुडिओ आवृत्ती घेतली तर चित्र येतं. पण आवाजाचा एएसी प्रकार वर्षानुवर्षं लिनक्सवर पैसे भरूनही वाचला जात नव्हता, म्हणून चित्र हलतंय आणि मंगलाष्टकं मुकी, असा प्रकार व्हायचा. घ्यायच्या आवृत्तीची कोडेकची यादी आधी वाचावी ती यासाठी.

यावर मार्ग आहे, एफएफएमपेग हे व्हिडिओ-आवाजाचे प्रकार बदलून देणारं फुकट सॉफ्टवेअर. फक्त आवाजाचा प्रश्न असेल तर ते आवाज पीसीएम या न दाबलेल्या प्रकारात बदलून देतं, चित्राला हात लावत नाही, काम झटपट होतं. चित्रही बदलायचं असेल तर डीएनएक्सएचडीसारख्या प्रकारात न्यावं लागतं. फुल एचडीत सेकंदाला २५ फ्रेमला त्याची नेहमीची दर्जेदार पातळी १८५ मेगाबिटची. कॅमेऱ्याची ५० मेगाबिटची एक तासाची फाइल साधारण २२ जीबी असते, ती रूपांतरानंतर ८३ जीबी होते. सहा तासांचं फुटेज असलेलं लग्न म्हणजे ५०० जीबी. ऑपरेटिंग सिस्टीमचे पैसे वाचले, हार्ड डिस्कचे वाढले. स्टुडिओ आवृत्तीची किंमत बरीच वर्षं २९५ डॉलरच्या आसपास होती, एकदाच भरायची. ती भरून टाकणं या हिशेबात स्वस्त पडतं.

मॅकवर गेलं तर?

अ‍ॅडोबी, कोरल, मायक्रोसॉफ्ट ऑफिस, ऑटोकॅड सगळं मॅकवर आहे, म्हणून डिझाइनवाल्यांना तो रस्ता सरळ वाटतो आणि बऱ्याच अंशी आहेही. पण मॅकचं ऑटोकॅड आणि मॅकचं एक्सेल हे विंडोजवाल्यांचे हुबेहूब जुळे नव्हेत. अ‍ॅक्सेस नाही, पॉवर बीआय डेस्कटॉप नाही, रेव्हिट नाही, टॅली नाही.

पूर्वी इंटेलच्या मॅकवर बूट कॅम्पने विंडोज टाकता यायचं. नोव्हेंबर २०२० पासून अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक आले, त्यांच्यावर बूट कॅम्प नाही. मॅकच्या आत दुसरी सिस्टीम चालवणाऱ्या पॅरलल्स या सॉफ्टवेअरमधून विंडोज ११ चालतं, पण ते एआरएम प्रोसेसरसाठीचं विंडोज असतं. इंटेलसाठी लिहिलेले साधे प्रोग्रॅम त्यावर अनुवाद होऊन चालतात. ड्रायव्हरला मात्र ही सवलत नाही. डोंगलचा ड्रायव्हर इंटेलसाठी लिहिला असेल तर तो तिथे चढतच नाही. म्हणजे प्रोग्रॅम उघडेल, डोंगल लावलेला असेल आणि समोर 'डोंगल सापडला नाही' हा संदेश. दीड लाखाचं मशीन घेण्याआधी विक्रेत्याला हा एक प्रश्न नक्की विचारा.

मोठ्या संस्थांनी हे कसं केलं

फ्रान्सचं जाँदार्मरी हे पोलीस दल यातलं सगळ्यात यशस्वी उदाहरण. त्यांनी २००५ मध्ये विंडोज तसंच ठेवून फक्त मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या जागी ओपनऑफिस आणलं. २००६ मध्ये ब्राउझर फायरफॉक्स आणि ईमेल थंडरबर्डवर नेलं. लोकांना ती सवयीची झाल्यावर २००८ पासून खालची ऑपरेटिंग सिस्टीम काढून उबुंटू हे लिनक्स घातलं. वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्या दिवशी फारसं काही बदललंच नाही, कारण रोजची सगळी सॉफ्टवेअर तीच होती. २०२४ च्या मध्यापर्यंत त्यांच्या लाखभर संगणकांपैकी सुमारे ९७ टक्क्यांवर हेच चालू होतं.

जर्मनीत म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं. मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर स्कीइंगची सुट्टी सोडून महापौरांना भेटायला गेले होते, इतकं ते प्रकरण गाजलं. २०१३ पर्यंत जवळपास १५ हजार संगणक लिनक्सवर आले. तरी खास सॉफ्टवेअरसाठी काही हजार मशीन विंडोजवर ठेवावीच लागली, बाहेरून येणाऱ्या फाइलींच्या कुरबुरी संपल्या नाहीत, राजकीय वारंही फिरलं आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचा ठराव झाला.

आपल्याकडे ई-कोर्ट्स प्रकल्पात जिल्हा न्यायालयांच्या संगणकांवर उबुंटू वापरलं गेलं. ते टिकलं याचं मोठं कारण असं की न्यायालयाचं मुख्य काम ज्यावर चालतं ते प्रकरणांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या पुणे शाखेने मुक्त तंत्रज्ञानावर बनवलं आणि ते ब्राउझरमध्येच चालतं. विंडोजची गरज मुळातच काढून टाकली होती.

एकट्यादुकट्या व्यावसायिकाने म्युनिकचा हुरूप बाजूला ठेवून जाँदार्मरीचा क्रम उचलावा. आधी विंडोजवरच पर्यायी सॉफ्टवेअर टाका. लिब्रेऑफिस, इंकस्केप, स्क्रायबस, क्रिटा, रिझॉल्व्ह, सगळी विंडोजवर चालतात. महिनाभर खऱ्या पार्टीचं खरं काम त्यांच्यावर करा. दर वेळी जुन्या सॉफ्टवेअरकडे धाव घ्यावी लागली की कशासाठी लागली ते कागदावर लिहा. महिन्याअखेरीस त्या कागदावर एखादीच नोंद असेल तर बदल जमण्यासारखा आहे. कागद भरला असेल तर नवं मशीन घेणं स्वस्त.

एखादीच नोंद उरली, समजा टॅली किंवा डिजिटल सही, तर त्यासाठी सगळं सोडायचं कारण नाही. लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकात, विंडोज चालवता येतं. १६ जीबी रॅम हवी आणि विंडोजचं लायसन्स वेगळं लागतं. टॅलीसारखा हलका प्रोग्रॅम तिथे मजेत चालतो, टोकनही बहुधा आत पोहोचवता येतं. प्रीमिअर किंवा रेव्हिटसाठी मात्र हा मार्ग नको, ग्राफिक्स कार्ड नीट मिळत नाही. टॅली क्लाउडवर ठेवून देणारे पुष्कळ आहेत, तिथे रिमोट डेस्कटॉपने कुठूनही जाता येतं. आणि सगळ्यात कमी डोकेदुखीचा मार्ग म्हणजे दोन मशीन. ऑफिसातलं एक विंडोज ११ चं, तेवढ्या कामापुरतं, बाकी जुनी सगळी लिनक्सवर.

एकाच मशीनवर दोन्ही सिस्टीम ठेवण्याची ड्युअल बूटची कल्पना ऐकायला आकर्षक असते. कामाच्या मशीनवर मला ती आवडत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अपडेटने अशा अनेक मशीनवरचं लिनक्स सुरूच होईना. सुरुवातीलाच एररची ओळ आणि मशीन बंद. तरी करायचंच असेल तर वेगवेगळ्या डिस्कवर करा, आणि त्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारा विंडोजचा प्रोग्रॅम) चालू आहे का ते पाहा. नव्या मशीनवर तो बऱ्याचदा न सांगता चालू असतो. रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवली नाही आणि बूटच्या सेटिंगला हात लावला, तर डिस्कवरचं सगळं कुलूपबंद होतं.

पेनड्राइव्हवरून लिनक्स इन्स्टॉल न करताही चालवून पाहता येतं. अर्धा दिवस त्यावर घालवा. वायफाय, प्रिंटर, स्कॅनर, दुसरा मॉनिटर, टोकन, सगळं लावून बघा. पसंत पडलं नाही तर पेनड्राइव्ह काढला की विंडोज जसंच्या तसं.

आणि जुनं मशीन फॉरमॅट मारण्याआधी जुन्या फाइलींचा निकाल लावा, कारण त्या उघडू शकणारं सॉफ्टवेअर आणि तो डोंगल आत्ता एकत्र चालू आहेत, पुढे असतीलच असं नाही. कोरलच्या सीडीआर आणि फोटोशॉपच्या पीएसडी फाइली मूळ रूपात ठेवाच, पण प्रत्येकाची पीडीएफही काढा. पेजमेकर या पान लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाइली कपाटात असतील तर त्या सगळ्यात आधी, त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ सालची आहे. पुन्हा लागणारा श्री-लिपीतला मजकूर तिथल्या तिथे युनिकोडमध्ये बदलून वाचून घ्या. पीडीएफ काढताना फाँट आत भरले गेलेत ना, हे फाइलीच्या माहितीत जाऊन तपासा, आणि दोन-चार पीडीएफ मोबाइलवर उघडून पाहा. तिथे मराठी नीट दिसलं तर पुढच्या मशीनवरही दिसेल.